इथपर्यंत वाचले, सर्व व्यवस्थित

फादर पास्कल, तुमच्या अंत्यविधीत त्यांनी तुम्हाला सात वेळा आज्ञाधारक म्हटलं. मी मोजत होते. शेवटून दुसऱ्या बाकावर शकुंतला मावशीच्या शेजारी बसून एकेक बोट दुमडत होते. पहिल्या दोन वेळेला रडू येत होतं. तिसऱ्यांदा ऐकलं आणि रडू गेलं, दात आवळले गेले ते शेवटपर्यंत तसेच. बोलत होते प्रोव्हिन्शियल, तुमच्या धर्मसंघाचे इथले सगळ्यांत वरचे साहेब, ज्यांची एक चिठ्ठी आली की तुमच्यासारखी माणसं मुकाट ट्रंक भरायला घेतात. इस्त्रीचा झगा, मऊ आवाज. म्हणाले, "फादर पास्कलने जीवन में कभी 'क्यों' नहीं पूछा."

खोटं. तुम्ही विचारलं होतं. त्यांनाच विचारलं होतं, लेखी विचारलं होतं. उत्तर आलं नाही तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलंय.

तुमची पेटी वेदीसमोर उलटी ठेवली होती. म्हणजे मला तरी उलटी वाटली. मावशी कानात म्हणाली, "उल्टी नहीं है बेटा. अपने जैसों के पैर वेदी तरफ रहते, फादर लोगों का सिर वेदी तरफ. मिस्सा की प्रार्थना में अपने सामने मुँह करके खड़े रहते थे ना, वैसा." तीस वर्षं ती त्या चर्चची फरशी पुसतेय, तिला सगळं माहीत. म्हणजे तुम्ही उठून बसला असतात तर समोर आम्हीच होतो. मग बसा ना उठून, मी मनात म्हटलं. सहा वेळा झालंय, सातव्यांदा म्हणायच्या आत उठा आणि त्या माणसाला थांबवा.

नाही उठलात. पेटीतसुद्धा आज्ञाधारक.

या गोष्टीला आज अठरा दिवस झाले. इतके दिवस मी गप्प होते. हो, मी. तुकोगंजच्या ऑफिसात बसून वकील मॅडमनी बजावलं होतं, एक शब्द नाही, ना पर्चा, ना स्टेटस, ना कोणाला फोन. आणि मी ऐकलं. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "काय गं बाय, आज्ञापालन कसं वाटतंय?" घाण वाटतंय, फादर. तोंडात साबण धरून बसल्यासारखं. पण काल ते सुटलं, आणि आज मी लिहायला बसलेय.

आपली ओळखच पर्च्यामुळे झाली. तुम्ही त्याला पत्रक म्हणायचात, आणि मी इंदूरची, मला पर्चाच तोंडात बसलेला. चार वर्षांपूर्वी तुमच्या धर्मसंघाच्या शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहून मी तो वाटत होते. शाळा, चर्च आणि फादर लोकांचं घर झाडणाऱ्या बायांना आठवड्याची सुट्टी नाही, असा मजकूर होता. तुम्ही आतून चपला फटफटवत आलात. मला वाटलं, आता हाकलणार. तुम्ही उन्हात उभं राहून अख्खा पर्चा वाचलात, खाली छापलेलं माझं नाव वाचलंत आणि म्हणालात, "मराठी का गं तू, बाय?"

इंदूरात मला तोवर कोणी बाय म्हटलं नव्हतं. इथे सगळे एकमेकांना भिया म्हणतात, मलासुद्धा.

"महूची," मी म्हटलं. "जय भीम."

"जय भीम. वसईचा." खिशातून हिरव्या शाईचं पेन काढलंत आणि माझ्या समोर माझा पर्चा खोडायला लागलात. "हे 'राक्षसी' काढ. 'निर्दयी' काढ. 'खून चूसने वाले' तर काढच."

"का? टोचतंय का?"

"टोचत नाही म्हणून. राक्षस म्हटलंस की ते म्हणतील आम्ही काही राक्षस नाही, आणि घरी जाऊन जेवतील. रविवारची सुट्टी देत नाही एवढंच लिहिलंस तर त्यांना काय म्हणता येईल?"

"पण शाळा तुमचीच आहे ना?"

"मग? म्हणूनच सांगतोय."

दुसरा पर्चा विशेषणांशिवाय छापला. तिसऱ्या आठवड्यात बायांना सुट्टी मिळाली. तेव्हापासून माझा एकही पर्चा तुमच्या हिरव्या पेनाखालून गेल्याशिवाय मल्हारगंजच्या प्रेसवर गेला नाही. एक सोडून. त्या एकाबद्दल सांगायचंच आहे, पण जरा थांबा. प्रेसवाला विचारायचा, "क्यों भिया, फादरजी का सेंसर हो गया? छाप दूँ?" मी चिडायचे. पण तुम्ही खोडलेल्या पर्च्यांना कधी कोणी उत्तर देऊ शकलं नाही, हेही खरंच. घरी जाताना वसईहून बहिणीने पाठवलेल्या सुकेळ्यांची पुडी माझ्या पिशवीत टाकायचात. केळ्याचं असं काही करतात हे महूत कोणाला ठाऊक? पहिल्या वेळी मी विचारलं होतं, ही सुकलेली बोटं कोणाची? तुम्ही हसून हसून खोकलात.

लालबागच्या मैदानात मेळा भरला होता तेव्हा तुम्ही स्वतः माझ्याबरोबर पर्चे वाटलेत. पांढरा झगा घालून. लोकांना वाटायचं धर्माचं काही असेल, हात मागे घ्यायचे. तुम्ही म्हणायचात, "अरे लो भैया, भगवान का नहीं है, छुट्टी का है." एक म्हातारा म्हणाला, छुट्टी भगवानसे बड़ी. तुम्ही ते नंतर प्रवचनात वापरलंत. मला सांगूनसुद्धा.

आता ती गोष्ट.

शाळेच्या भिंतीमागे नाल्याच्या कडेला अकरा घरं होती. तुमच्याकडे झाडपूस करणाऱ्या बायांचीच. शकुंतला मावशीची सासू तिथे सून होऊन आली, मावशी तिथेच सून होऊन आली. तुमच्या धर्मसंघाला त्या जागेवर खेळांचा हॉल हवा झाला. नोटीस आली की तुम्ही अतिक्रमण केलंय, ही जागा तुम्हाला कधी कोणी दिलीच नाही, दिली असेल तर कागद दाखवा. मावशी म्हणाली, "बड़े फादर ने दी थी, मेरी सास के सामने." बडे फादर, या घराचे जुने मुख्य, जाऊन चाळीस वर्षं झालेली. कागद कुठून आणणार?

कागद होता. तुम्हाला सापडला.

तुमच्या प्रत्येक घरात एक रोजनिशी असते, हे मला तेव्हा कळलं. रोज संध्याकाळी, ज्याच्याकडे काम असेल त्या फादरने दिवसात काय घडलं ते चार ओळींत लिहायचं. कोण आलं, कोण गेलं, पाण्याची टाकी फुटली, अमक्याचा बाप्तिस्मा झाला. वही भरली की कपाटात, मग नवी वही. वर्षातून एकदा प्रोव्हिन्शियल पाहणीला येतात, वही बघतात आणि खाली सही करतात. इंदूरच्या घराची रोजनिशी सहा वर्षं तुम्ही लिहीत होतात. मावशीसाठी तुम्ही कपाटातल्या सगळ्या जुन्या वह्या काढून एकेक पान वाचलंत आणि बडे फादरांची ओळ शोधलीत. व्हरांड्यात बसून मला मोठ्याने वाचून दाखवलीत. "आज मागची नाल्याकडची जागा आपल्याकडे काम करणाऱ्या कुटुंबांना कायमची दिली. त्यांच्या मुलाबाळांना तिथून कोणी उठवू नये." खाली तारीख, खाली सही.

मी मोबाईल काढला. तुम्ही वहीवर हात ठेवलात.

"आधी वर विचारतो."

"विचारताय काय? सांगा त्यांना! सापडलं म्हणून सांगा."

"घराची वही विचारल्याशिवाय बाहेर नेता येत नाही, बाय. मी ती लिहितो. माझी नाहीये ती."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"का म्हणतील? खरं आहे की हे. वाचलं की कळेल त्यांना."

छप्पन वर्षांचा माणूस! खरं वर पाठवलं की वरून होकार येतो, असं समजणारा. जगात दुसऱ्या कुठल्या धंद्यातला माणूस ही चूक करणार नाही, फादर. कारकून झेरॉक्स काढून ठेवतो. शिपाईसुद्धा काढतो. तुम्ही पत्र लिहिलंत, 'परवानगी असावी.' आणि वाट बघत बसलात.

आणि मी वाट बघितली नाही. तो एक पर्चा हाच. नोटिशीविरुद्ध आम्ही दावा लावला होता, आणि तुम्ही मला कोर्टाच्या तारखेपर्यंत थांब म्हणाला होतात. तुम्ही साक्ष देणार, प्रतिज्ञापत्र करणार, वही हजर करणार, हे ठरत आलं होतं. माझ्याने राहवेना. मल्हारगंजला जाऊन छापून आणलं, मोठ्या काळ्या अक्षरात, 'हमारे पास लिखा हुआ है'. तुम्हाला दाखवलं नाही, कारण तुम्ही खोडलं असतंत. तिसऱ्या दिवशी वरून हुकूम आला. जुनी वही ताबडतोब मुख्य घरी आणून द्यावी. प्रतिज्ञापत्र करू नये. या विषयावर कोणाशी बोलू नये.

तिसऱ्या दिवशी, फादर. त्यांना कसं कळलं, हे तुम्हीही समजला असाल. एकदाही बोलला नाहीत. रागात नाही, थट्टेत नाही. मी तुम्हाला पुढे काय काय ऐकवलं, तेव्हासुद्धा नाही. नुसतं "तुझ्या पर्च्यामुळे" एवढं म्हणाला असतात तर माझं तोंड बंद झालं असतं. मी ते तेव्हा म्हणायला हवं होतं. आता इथे छापून म्हणतेय, तर तुम्ही वाचणार नाही.

हुकूम आल्याच्या दुपारी आपण चर्चच्या मागच्या बाकावर भांडलो. मावशी पलीकडे बादली घेऊन उभी होती, पुसायचं सोडून ऐकत होती. तुम्ही मला हात जोडून दाखवलेत आणि म्हणालात, दीक्षेच्या दिवशी असे जोडलेले हात वरिष्ठांच्या दोन्ही हातांत द्यायचे असतात. ते विचारतात, आज्ञा पाळशील? आपण हो म्हणतो. "सव्वीस वर्षांचा होतो. कोणी बंदूक नव्हती लावली. मी दिलेला शब्द आहे. मला जड जातं म्हणून मी तो मोडला, तर उद्या तुला दिलेल्या शब्दाचं काय?"

"मावशीला दिलेल्या शब्दाचं काय?"

तुम्ही चष्मा पुसायला घेतलात.

मग म्हणालात, "तुझे आजोबा फौजेत होते ना? त्यांनी मोडला कधी हुकूम?"

"आजोबांना रिटायर होता येत होतं," मी म्हटलं.

बादली ठेवून मावशी हसली. हसण्यासारखं काही नव्हतं, पण हसली. तुम्हीही हसलात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वही ब्राउन पेपरात गुंडाळून, बसने जाऊन, देऊन आलात. सोबत प्रोव्हिन्शियलना एका ओळीची चिठ्ठी दिलीत, 'का?', तिचं उत्तर कधीच आलं नाही.

कोर्टात आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. समोरच्या वकिलाने माझाच पर्चा वर धरला. "लिखा हुआ है, तो दिखाइए." स्थगिती मिळाली नाही. मुख्य दावा चालू राहिला, पण दाव्यात राहता येत नाही, घरात राहावं लागतं. पुढच्या आठवड्यात जेसीबी आला. तुम्ही तिथे आलात, झगा घालून, तोंड बंद. सकाळी सातपासून दुपारपर्यंत अकरा घरांचं सामान वाहिलंत. मावशीची भांड्यांची पेटी डोक्यावर घेतलीत तेव्हा मी सगळ्यांसमोर ओरडले, "एवढ्याची तरी परवानगी आहे का फादर?"

पेटी खाली ठेवलीत, घाम पुसलात. "विचारली नाही," म्हणालात.

त्या दोन शब्दांनी मी खूश व्हायला हवं होतं. नाही झाले. पेटी वाहायला न विचारता आलात, मग वही का विचारून? मी घरी जाऊन तुमच्यावर पर्चा लिहिला. 'चुप फादर' असं नाव. त्यात सगळी विशेषणं घातली, वर्षानुवर्षं खोडलेली सगळी. ढोंगी घातलं, कायर घातलं. आणि प्रेसला द्यायच्या आधी, मुद्दाम, तुम्हाला पाठवला. टोचावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी परत आला. हिरव्या शाईत एकच दुरुस्ती. मी लिहिलं होतं की रोजनिशी वरच्यांनी मागवून घेतली. तुम्ही 'मागवून घेतली' खोडलंत आणि वर लिहिलंत, 'मी स्वतः नेऊन दिली.' कायर या शब्दाला हात लावला नव्हता. खाली फक्त, 'बाकी ठीक.'

मी तो तसाच छापला. रविवारी मिस्सेनंतर फाटकावर वाटला. तुम्ही बाहेर येऊन रांगेतल्या इतरांसारखी एक प्रत घेतलीत, घडी घालून खिशात ठेवलीत, "येतो गं" म्हणालात. दोन महिन्यांनी तुमची बदली झाली, लांब डोंगरातल्या एका मिशनवर. जाताना मावशीजवळ माझ्यासाठी सुकेळ्यांची पुडी ठेवली होतीत. मी म्हटलं, वाटून टाक. ती म्हणाली, "बेटा, एक तो खा ले." नाही खाल्लं.

फोन एकदाच केलात. गेल्या पावसाळ्यानंतर. आवाजात दम नव्हता, मी विचारलं नाही. तुम्ही इकडचं तिकडचं बोललात, मग म्हणालात, "इंदूरच्या घराची रोजनिशी आता नवे फादर लिहितात. अक्षर चांगलं आहे हो त्यांचं."

"मग मी काय करू?"

"काही नाही. सांगितलं आपलं. रोजनिशी वाचत कोणी नाही, बाय. सही मात्र करतात."

"मला मीटिंग आहे," मी म्हटलं आणि ठेवला.

मीटिंग नव्हती. मी बस स्टॉपवर उभी होते आणि बस यायला वेळ होता.

त्यानंतर एकदम तुमची बातमीच आली. हार्ट, झोपेत, आणि अंत्यविधी इंदूरलाच. मावशीने फोन केला तेव्हा मी पहिलं काय म्हटलं असेल? "बघ, सुटले." मग अर्धा तास पायरीवरून उठता येईना.

अंत्यविधीनंतर तुमच्या घरात जेवण होतं. तुमची बहीण वसईहून आली होती, एका कोपऱ्यात ताट हातात धरून बसलेली, न जेवता. साहेब लोक आतल्या टेबलावर. नवे फादर, भले गृहस्थ, ऑफिसच्या टेबलाशी रोजनिशी उघडून बसले होते आणि आलेल्यांची नावं लिहून घेत होते. माझं नाव विचारलं, संस्थेचं नाव विचारलं, कौतुकाने म्हणाले, "फादर पास्कल के हाथ का भी इसी बही में है, देखेंगी आप? बहुत सुंदर लिखते थे." मागची पानं उलटून माझ्यापुढे सरकवली आणि तुमच्या बहिणीसाठी पाणी आणायला गेले.

हिरवी शाई.

ज्या दिवशी तुम्ही जुनी वही नेऊन दिलीत, त्या दिवसाची नोंद. इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगते. 'वरिष्ठांच्या आज्ञेवरून आज या घराची जुनी रोजनिशी मी स्वतः मुख्य घरी नेऊन दिली. तिच्यात बडे फादरांच्या हातची पुढील नोंद आहे.' आणि मग अवतरणचिन्हांत, अक्षर न् अक्षर, तारखेसकट ती ओळ. आज मागची नाल्याकडची जागा. कायमची दिली. कोणी उठवू नये. पुढे तुमची ओळ, 'मुख्य घरी ही नोंद वरिष्ठांना वाचून दाखवली. त्यांनी वही ठेवून घेतली.' एक विशेषण नाही. त्याखाली टाकीवाला येऊन गेल्याचं.

मी पान उलटलं. जेसीबीचा दिवस. अकरा कुटुंबांची नावं, सगळ्यांची, मावशीच्या नातवापर्यंत. आणखी पाच पानं उलटली. वार्षिक पाहणी. मोठी ऐटबाज निळी सही, वर त्याच हाताने, 'इथपर्यंत वाचले, सर्व व्यवस्थित.'

सर्व व्यवस्थित!

मावशी दारात उभी राहिली, पदर पसरून, जशी ती उष्ट्या ताटांसाठी उभी राहते. कोणाचं लक्ष जात नाही तिच्याकडे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मी फोटो काढले. नोंदीचे, नावांचे, सहीचे. एकेक तीनदा काढला. नवे फादर परत आले, विचारलं, "अच्छा लिखते थे ना?" मी म्हटलं, "बहुत."

मग वकील मॅडम आणि अठरा दिवसांचं मौन. जुनी वही गेली तशी हीही जाईल, म्हणून. कोर्टाचा हुकूम निघाला. काल रोजनिशी कोर्टात जमा झाली. आता ती कोणी ब्राउन पेपरात गुंडाळणार नाही.

पण मला एक सांगा. तुम्ही सापळा लावला होतात की नुसतं काम केलंत? अठरा दिवस हाच प्रश्न. दिवसात घडलं ते लिहायचं ही तुम्हाला दिलेली आज्ञाच होती, म्हणून लिहिलंत? की गप्प बस म्हणणाऱ्याच्याच नाकाखाली, त्याच्याच नियमाने, त्याच्याच सहीने बोलून घेतलंत? फोनवर मला वाट दाखवत होतात की खरंच त्या गृहस्थांच्या अक्षराचं कौतुक करत होतात? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मी नोंद केली, बाय. रोज करायचो तशी." आणि चष्मा पुसायला घेतला असतात, म्हणजे डोळे दिसायला नकोत.

कसंही असो, मी तुम्हाला सोडणार नाही. सव्वा वर्ष, फादर! सव्वा वर्ष मावशी मुलीच्या एका खोलीत सहावी होऊन झोपते, आणि दोन बस बदलून येऊन तीच फरशी पुसते जिच्यावर तुमची पेटी ठेवली होती. तुमचं सत्य त्या कपाटात व्यवस्थित बसून होतं. वहीत लिहिलेल्या खऱ्याला पाऊस लागत नाही. तिला लागला. तुम्ही उभं राहून दोन वाक्यं बोलला असतात तर ती आज तिच्या घरात असती. शब्द पाळलात तुमचा. तो कोणी फेडला, तिला विचारा. ती तुम्हाला केव्हाच माफ करून बसलीय, रोज मेणबत्ती लावते. तो तिचा स्वभाव. माझा तो नाही.

आणि तुम्ही नसतात तर आमच्याकडे आज ते पानही नसतं. हेही मला मान्य करावं लागतंय, आणि ते मान्य करताना तुमचा अजूनच राग येतो.

सूड हा शब्द तुम्हाला चालायचा नाही. मी लिहिला की खोडून वर 'न्याय' लिहायचात. या लेखात मी सूडच लिहितेय. खोडा आता.

पुढच्या रविवारी तुमची महिन्याची मिस्सा आहे. प्रोव्हिन्शियल येणार आहेत, पुन्हा बोलणार आहेत, फळ्यावर लिहिलंय. नवा पर्चा मल्हारगंजला तयार आहे. पहिला मसुदा तीन पानी होता. त्यात त्या माणसाला मी जे जे म्हटलं होतं ते वाचून प्रेसवालाच म्हणाला, "भिया, सेंसर करवा लेते." मग मी हिरव्या शाईचं पेन विकत घेतलं. घरी बसून एकेक शब्द खोडला. सगळ्यांत शेवटी 'लबाड' गेला, फार जीव होता त्याच्यावर. आता पर्च्यावर तीनच गोष्टी आहेत. बडे फादरांची ओळ, तुमच्या हातची. अकरा कुटुंबांची नावं. आणि निळी सही, मोठी करून.

मागच्या पर्च्यातला कायर मात्र मी मागे घेत नाहीये. तुम्ही तो ठेवला होता, तो राहील.

मिस्सा संपली की मी फाटकावर असेन, उजव्या बाजूला, जिथे तुम्ही रांगेत उभं राहून प्रत घेतली होतीत. पहिली प्रत शकुंतला मावशी देईल, तिच्या हाताने, प्रोव्हिन्शियलच्या हातात. तिला वाचता येत नाही, पण कुठे काय आहे ते तिने पाठ केलंय. ते वाचतील. या वेळी नक्की वाचतील. मग मऊ आवाजात विचारतील की हे छापायची परवानगी तुम्हाला कोणी दिली.

मावशी त्यांच्या सहीवर बोट ठेवेल.